धावजी फाटकवाल्याचं घड्याळ

रहमतला माणसांपेक्षा घड्याळं लवकर कळतात, असं त्याची बायको बिस्मिल्लाबी म्हणते, आणि त्यात टोमणाच जास्त असतो. दारव्ह्याच्या बाजारातली 'गफूर घडीवाले' ही पाटी त्याच्या बापाच्या वेळची. गफूरमियांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गाव अजून म्हणतं. त्या एका वाक्यावर रहमत साठ वर्षं ताठ मानेनं जगला. मोबाइल आले, मनगटं रिकामी झाली, तरी जुनी अमेरिकन खिशातली घड्याळं ओळखून घ्यायला लोक त्याच्याकडेच येतात.

बाजाराच्या दिवशी तांड्यावरची शकुबाई आली. सत्तरी ओलांडलेली. पदराच्या गाठीतून तिनं घड्याळ काढलं.

"रहमतभाऊ, हे माह्या सासऱ्याचं. मले विकाचं नाही. एवढंच सांग, बुढा खरा होता का खोटा?"

तिचा सासरा धावजी लहान रेल्वेच्या फाटकावर होता. कुण्या साहेबानं जाताना त्याला हे घड्याळ दिलेलं. त्यावर वेळ पाहूनच तो फाटक लावायचा. एकदा ते दुरुस्तीला गेलं आणि परत आल्यापासून मागं पडू लागलं. एका सकाळी फाटक उशिरा लागलं, गाडीखाली बैलजोडी गेली आणि धावजीची नोकरीही. घड्याळाच्या आतलं बदललं, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. तांडा हसला. झोपला असेल मेला, म्हणाला.

"दुरुस्तीले कोणाकडं देल्लं होतं?" रहमतनं विचारलं.

"तुह्या बापाकडं. म्हून तर तुह्याकडं आली. गफूरमियांचं पोरगं खोटं नाही बोलणार."

रहमतनं तिला बाजार करून यायला सांगितलं आणि डोळ्याला भिंग लावलं. झाकणाच्या आत बारीक चंद्रकोर कोरलेली होती. दुरुस्ती केली की घडीवाला आपली खूण कोरतो, ही गफूरमियांची. मशीनवरचा आकडा त्यानं मोबाइलवर शोधला. अमेरिकनच, पण सात ज्वेलचं, म्हणजे आत सातच खडे असलेलं हलकं मशीन; जितके खडे जास्त तितकी वेळ नेमकी. एवढ्यानं काही ठरत नव्हतं. अमेरिकेत तेव्हा मशीन एकाचं, बाहेरची डबी दुसऱ्याची, आणि दुकानदार गिऱ्हाइकासमोर जोडून द्यायचा. साहेबानंच स्वस्तातलं घेतलं असेल. रहमतला बरं वाटलं.

मग डबीच्या काठावर स्क्रूच्या दाबाच्या जुन्या खुणा दिसल्या, आताच्या स्क्रूंपासून बोटभर दूर. म्हणजे आत आधी दुसरं मशीन होतं. असू दे, मोडलं म्हणून बदललं असेल. त्यानं तबकडी उचकली. तबकडीचे मशीनमध्ये बसणारे तांब्याचे पाय कापून ती लाखेनं चिकटवली होती. वरचा चेहरा तोच राहावा, मालकाला कळू नये, म्हणूनच हे करतात.

त्याच्या स्वतःच्या खिशात बापाचं घड्याळ होतं. सतरा ज्वेलचं, अमेरिकन. अब्बा जाताना ते त्याच्या हातात देऊन गेले होते. ते उघडायला त्याचा हात धजेना. शेवटी त्यानं त्यातलं मशीन काढून धावजीच्या रिकाम्या केलेल्या डबीत ठेवलं. स्क्रू फिरवले. ते जुन्या खुणांवर नेमके बसले.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या बिस्मिल्लाबीनं त्याचा चेहरा पाहिला आणि सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं.

"मेलेल्या माणसाची अब्रू कायले काढता? म्हणा, काही समजलं नाही."

"धावजीही मेलेलाच हाय," रहमत म्हणाला. आणि मग तो रडला. बापाचा राग येत होता, आणि त्याहून जास्त बाप आठवत होता.

शकुबाई आली तेव्हा तिच्या हातात मूळ मशीन बसवलेलं चालतं घड्याळ ठेवून त्यानं सगळं सांगितलं. एक शब्द झाकला नाही. ती चिडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं घड्याळ कानाला लावलं.

"मले एकटीले सांगून काय फायदा, भाऊ?" ती म्हणाली. "मी त हसलीच नव्हती. जे हसले ते तांड्यावर हायेत. चाल, तिथं सांग."

रहमतनं वर पाटीकडे पाहिलं. मग भिंग खिशात टाकलं आणि शटर ओढलं.

जीपमध्ये दोघं खेटून बसले होते. तिच्या मुठीतली टिकटिक त्याला स्पष्ट ऐकू येत होती. लहानपणी अब्बाच्या छातीवर डोकं ठेवून तो हीच ऐकत झोपायचा.