मायच्या मेलवर दुकानदाराच्या पुतण्याचा नंबर

अन्याय झाला तो माझ्या मायवर. बोंडअळीच्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, भरदुपारी, तालुक्याच्या कृषी कार्यालयात, साहेबाच्या भरल्या खोलीत.

माय उभी होती. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बस म्हणालं नाही कोणी. तिच्या पिशवीत बीटी बियाण्याची रिकामी थैली आणि कपाशीची सडलेली बोंडं. संगणकावरची नजर न काढता साहेब म्हणाला, "तुमची बियाण्याची तक्रार बंद झाली. समिती शेतावर आली, तुम्ही गैरहजर."

"समिती येनार हाय हे मले कोनं सांगलं?"

"मेल केला होता. तुम्ही वाचत नाही, मग काय दवंडी पिटू?"

खोली हसली. तेच बियाणं विकणारा दुकानदार तिथं बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "साहेब, ह्या बायायले आता मेल पाह्यजे. उद्या म्हनतीन, न्यायले इमान पाठवा."

पिशवीतून एक बोंड खाली पडलं. शिपाई म्हणाला, "उचल ते. घान करून राह्यली." माय वाकली. उचललं. मी शेजारीच होते.

समिती पाहील म्हणून मायनं वाळलेली पऱ्हाटी, कपाशीची झाडं, उपटली नव्हती. उपटली की पुरावा गेला. त्या वाट पाहण्यात हरभऱ्याचा पेरा गेला. आणि समिती येऊन, बांधावरून बघून, परतही गेली होती.

आता हा मेल कोणाचा होता ते ऐका. तक्रार ऑनलाइन करायची, तर मेल लागतो. दुकानदाराच्या पुतण्याचं नेट सेंटर दुकानाला लागूनच. गावातल्या सगळ्यांचे मेल त्यानंच काढले. सगळ्यांना एकच पासवर्ड, दुकानाचं नाव. मोबाइल नंबर त्याचा स्वतःचा. मायनं पासवर्ड विचारला तर म्हणाला, "काकू, तुमाले काय करायचा? राहू द्या मायाजवळ." आणि लोक खुशीनं ठेवत. सातबारा बँकेत ठेवावा तसा.

कॉलेजातली शबाना माझी मैत्रीण. तिचे अब्बा मोबाइल दुरुस्त करतात. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पासवर्ड तर दुकानाच्या पाटीवरच लिहेल हाय. उघड ना."

उघडला. तिनं दाखवलं, मेलची कचरापेटी असते, टाकलेलं तिथं महिनाभर राहतं. समितीचा मेल तिथंच पडला होता. मग सेटिंग. तिथं एक नियम लावलेला. कार्यालयाचा मेल आला की त्याची प्रत पुतण्याला जावी आणि मूळ मेल कचऱ्यात. आपोआप. ही सोय मेलमध्ये नवी आली तेव्हा लोकांना वाटलं असेल, कामं सोपी झाली. झालीच. बाईला फसवायला माणूससुद्धा लागला नाही.

आम्ही नियमाचा फोटो काढून ठेवला, मग तो पुसला. पासवर्ड बदलला. त्याचा नंबर काढून मायचा टाकला. 'सगळ्या ठिकाणांहून बाहेर पडा' असं एक बटण असतं, ते मायच्याच बोटानं दाबलं.

संध्याकाळी पुतण्या दारात. "काय वं पोरी, कोनाले इचारून बदललं?"

"मायले."

"तिले काय समजते? अन् पुढच्या साली बियानं कोनाजवळून घ्याल?"

माय आतून म्हणाली, "तुह्याजवळून नाही. जाय."

साहेबाला तो मेल, त्या नियमाचा फोटो, सगळं दाखवलं. तो म्हणाला, "प्रकरण बंद झालं ते झालं." पऱ्हाटी शेवटी चुलीत गेली. भरपाई नाही. माफी नाही. दुकान चालू आहे, नेट सेंटरही चालू आहे.

मला सहानुभूती नको. मी आणि शबाना आता आठवडी बाजारात बसतो, एसटी स्टँडच्या भिंतीला. माणूस येतो, फोन काढतो, आम्ही त्याच्याच हातानं त्याचा मेल उघडायला लावतो. दुकानदार आम्हाला उठवायला माणसं पाठवतो. आम्ही उठत नाही. उठणार नाही.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला वाचता येतं. तर आत्ता तुमच्या मायचा, बापाचा, शेजारणीचा मेल उघडा. नंबर कोणाचा आहे बघा. मेल कुठं वळवलाय बघा. दुसऱ्याचा नंबर असेल तर काढा, आणि तो कोणाचा होता ते चारचौघांत, त्याच्या तोंडावर, नाव घेऊन सांगा.