वाळूजमध्ये रॉकेटची टाकी फोडताना

वेरूळ-अजिंठा सोडून कोणी छत्रपती संभाजीनगरला फक्त वाळूजची औद्योगिक वसाहत बघायला निघालं, तर घरचे काळजीत पडतात. माझेही पडले. पण संगीता खरातचा फोन आला होता. शिकत असताना ती पुण्यात आमच्या शेजारी राहायची. आता सलीमभाईंच्या भागीदारीत वाळूजला तिचं वर्कशॉप आहे आणि ती रॉकेटच्या इंधनाची टाकी बनवते.

"दादा, दोन टाक्या नापास झाल्यात. शुक्रवारी तिसरी तपासायला हैदराबादच्या कंपनीच्या मॅडम येताहेत. ही गेली तर आम्ही पुन्हा मोटारसायकलच्या पार्टांवर. बघायला या, पण बोलू नका."

गुरुवारी सकाळी एसटी धरली. नगरपर्यंत रस्ता बरा, पुढे नेवासा फाट्यापर्यंत कमरेची परीक्षा. पांढरीपुलावरची भेळ चुकवू नका. वाळूजच्या बजाजनगरला उतरायचंय हे कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नाही, शहरात पोचलो आणि रिक्षाने उलटा आलो. रिक्षावाल्याने माझ्या विद्वत्तेची पूर्ण किंमत वसूल केली. लॉज मात्र हजाराच्या आत मिळालं, चादरीही धुतलेल्या.

संध्याकाळी सलीमभाई जेवायला घेऊन गेले. मटणाच्या नान-खलियातला शाकाहारी माणसाच्या वाट्याला फक्त नान येतो. पण तोही पोटभर. सलीमभाई पन्नाशीचे, वेल्डिंग त्यांचंच. त्या दिवशी एकदम खुशीत होते.

"उद्या बघा साहेब. आत्ताच हात मारून आलो टाकीवर. आरसा झालाय, आरसा!"

मी दाद दिली. मला काय ठाऊक!

शुक्रवारी संगीता हैदराबादच्या कृष्णवेणी मॅडमना स्टेशनवरून थेट वर्कशॉपला घेऊन आली. सलीमभाईंनी टाकीवरचं फडकं थाटात ओढलं. जोड खरोखर लखलखत होता. संगीताचा चेहरा उतरला. मॅडमनी टॉर्च लावला, वाकून पाहिलं.

"ये चमक किसकी है?"

"मेरी!" सलीमभाई छाती काढून म्हणाले. "मैंनेच करा."

मॅडमनी पिशवीतून काढलेला लाल रंगाचा डबा पुन्हा आत ठेवला. हा रंग जोडावर लावून पुसतात, मग वर पांढरी पूड फवारतात. भेग असेल तर लाल रेघ उमटते. पण ॲल्युमिनियम मऊ. घासलं की ते भेगेच्या तोंडावरच पसरतं, आणि भेग आत सुखरूप राहते.

"तो अब मैं जाँचूँ क्या?"

सलीमभाई संगीताकडे वळले. "मॅडम, पाव्हणे यायले म्हणून केलं. वीस वर्षं गिऱ्हाईक यायच्या आधी माल चमकावायलोच ना आपण?"

"व्हय, सलीमभाई," संगीता हळूच म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. कोइमतूरच्या एका वर्कशॉपची टाकी आधीच पास झाली होती. मॅडम घड्याळ बघत होत्या.

"मॅडम, फोडके देखते," संगीता एकदम म्हणाली. "पाणी भरून दाब वाढवू. जोड उकलला तर मीच तुम्हाला स्टेशनवर सोडते. पत्रा आधी फाटला, तर आम्हाला आणखी एक टाकी पाठवू द्या."

म्हणजे हातात होती तीही टाकी जाणार. मॅडमनी क्षणभर विचार केला. "चलो."

टाकी वाळूच्या पोत्यांमागे गेली. दाबाच्या काट्यासमोर मोबाइल ठेवला आणि आम्ही भिंतीआड दुसऱ्या मोबाइलवर तो काटा बघत उभे राहिलो. हातपंप सलीमभाईंनीच घेतला. स्वतःची टाकी स्वतःच फोडायची! प्रत्येक दांड्याला काटा सरकत होता. संकटकाळासाठी मी पुष्कळ स्तोत्रं पाठ करून ठेवली आहेत. पाण्याच्या दाबासाठी त्यात एकही निघालं नाही.

टाकीने सोसायलाच हवा त्या दाबाची खूण आली, मागे पडली. कुणी हुश्श केलं नाही. "और," मॅडम म्हणाल्या. सलीमभाईंच्या कोपरांवरून घाम ठिबकत होता. "और."

धप्प!

पोत्यांखालून आलेलं पाणी माझ्या चपलांत शिरलं. सलीमभाई पंपाचा दांडा धरून तसेच उभे. "तुम्हीच बघा, संगीता मॅडम. माझ्यानं व्हायचं नाय."

संगीता आत गेली.

"पत्रा फाटलाय."

"आन् जोड?"

"जोड आहे तसाच."

कृष्णवेणी मॅडमनी स्वतः जाऊन बोट फिरवलं. "जोड अच्छा है, भाई. बस, उसको छेड़ो नक्को." आणि जाता जाता, "महीने के आख़िर तक भेजो. कोयंबटूरवाले रुके नहीं हैं."

तिथे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सलीमभाईंनी फाटलेल्या पत्र्याची एक पट्टी कापून मला दिली, जोडासकट.

महिनाअखेरीस चौथ्या टाकीचा फोटो आला. जोड मळकट, खवल्याखवल्यांचा. सोबत सलीमभाईंचा आवाज: "बघा साहेब, किती घाण दिसायली. संगीता मॅडमनी चमकवायच्या बफिंग मशीनला कुलूप लावलंय." टाकी पास झाली. आता कोइमतूरशी भावाची लढाई आहे, आणि त्यांचा भाव कमी आहे. संगीता रोज आकडे मोडते, पुन्हा मांडते. मोठ्या ऑर्डरी असलेल्यांना स्वस्त देणं परवडतं; हिच्याकडे सध्या एक पास झालेली टाकी आहे.

पट्टी माझ्या टेबलावर असते. काल पाहुणे यायचे होते म्हणून बायको घर आवरत होती. स्वयंपाकघरात गेलो तर तिच्या एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात घासणी.

"अहो, किती कळकट झालीय ही!"

मी इतका जोरात ओरडलो की पाहुणे दारातच थबकले.