हवालदाराची एकच कॅसेट

सलमाबादच्या बर्फाच्या कारखान्यात मी, शब्बीर रत्नागिरीकर, क्लार्क होतो. माझ्या खोलीत शिवदास राहायचा. जावळीकडचा, फौजेतून हवालदार म्हणून सुटलेला. सारी नोकरी हिमालयात काढली आणि पेन्शनीत बहरीनला आला, तर काम काय, बर्फाच्या लाद्यांची गाडी चालवायची! "हवालदार, तुमच्या कपाळी बर्फच लिहिलाय," मी चिडवायचो. तो काही हसायचा नाही.

तेव्हा कॅसेटची चाल होती. कुणी रजेवर निघालं की त्याच्या हाती आपला आवाज धाडायचा. पण शिवदासचा चिकटपणा बघा, सहा वर्षं एकच कॅसेट! हा इथून बोलणार, गावी रखमावहिनी ऐकणार आणि त्याच्यावरच आपलं बोलणं भरून परत धाडणार. "अहो, दुसरी घ्या की," मी म्हणायचो.

"ऐकून झालेलं ठिवून काय करायचं?"

ब्याऐंशीच्या सप्टेंबरात त्याच्या पोराचं, शंभूचं पत्र आलं. नुकता भरती झालेला, पहिलीच थंडी, काश्मिरात उंचावरच्या चौकीवर. त्या दिवसापासून शिवदासचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"भर थंडीपरीस पैल्या बर्फाचं भ्या वाटतं, शब्बीरभाई."

"थोडक्या बर्फाला काय भ्यायचं?" मी म्हटलं, आणि फसलो.

शुक्रवारची दुपार, बाहेर उन्हानं पत्रे तापलेले, आणि ह्यानं मेसमधली परात आणून तिच्यात फडकं अंथरलं. त्यावर साखर पसरली. साखरेवर पीठ घालून तळहातानं दाबलं. "पैला बर्फ पातळ पडतो. थंडीनं त्याची अशी साखर हुते, कण कणाला धरत न्हाई. मग वाऱ्यानं दुसरा थर बसतो. वरनं बघितलं तर घट्ट." त्यानं परात कलती केली. पिठाचा थरच्या थर घसरून माझ्या लुंगीवर! आमच्या घाटात दरड कोसळताना मी पाहिलेली होती.

पोलादपूरचा मुख्तार रजेवर निघाला होता. शिवदास टेपसमोर बसला. "शंभू, बर्फ थांबून ऊन पडलं म्हणून लगीच निघू नगंस. दोन दिस दम खा. उतार एकेकानं पार करायचा, बाकीच्यांनी आडोशाला ऱ्हाऊन नजर ठिवायची. लाल दोरी कमरंला बांधून मागं सोड. पायाखाली धप्प आवाज आला की माघारी फिर."

मग आवाज खाली आला. "तू चार वर्साचा हुतास तवा मी बर्फाखाली गाडला गेलतो. घरी कुणाला बोललो न्हाई. लाल दोरी दिसली म्हणून काढला मला. आत काळोख, श्वास पुरंना. तुज्या आईचंच नाव तोंडात येत हुतं."

"तुज्या वहिनीला सांग, ही कॅसेट पोस्टानं शंभूला धाड म्हणून," त्यानं मुख्तारला तीनदा बजावलं.

नोव्हेंबर संपता संपता मुख्तार परत आला आणि त्यानं पिशवीतून तीच कॅसेट काढली. शिवदासनं लावली, तर वहिनींचा आवाज! "खलास," तो खाटेवर बसला. "पुसलं हिनं. पोराला पोचलंच न्हाई. आता तिकडं बर्फ पडला असंल."

"अवं," वहिनी टेपवर कडाडत होत्या, "तिकडं जाऊन अक्कल गहाण ठिवली का? डोंगरावर पोराकडं टेप कुठला?"

या अल्ला! आम्हा दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. इथं ज्याच्या-त्याच्या उशाला टेप, म्हणून जगाकडं असणार!

"शाळंतल्या गुरुजींना बशीवलं आन समदं कागदावर लिवून शंभूला धाडलं. परवा त्याचं पत्र आलं. त्यानं तुमचा कागूद सुभेदाराला दावला. दोन दिस थांबली मानसं. दुसऱ्या दिशी त्याच वाटंवर बर्फाचा कडा कोसळला. समदी सुखरूप हायती."

शिवदासनं तोंडावर टॉवेल धरला. वहिनी थांबल्या, मग हळू बोलल्या.

"येक मातर गुरुजींना लिवू दिलं न्हाई. बर्फाखाली तुमी माजं नाव घेतलं ते. इतकी वर्सं सांगितलं न्हाईसा. ते माजं हाय. ते पुसलं बी न्हाई, म्होरं तसंच हाय. येकलीच ऐकत बसायची, लई आठवण यायची. आता ही कॅसेट कुणाच्या हाती धाडू नगा. तुमीच घिऊन या."

टेप खरखरला आणि त्यातून शिवदासचाच आवाज आला. "आत काळोख, श्वास पुरंना..." मी उठून दाराशी गेलो. रत्नागिरीत माझी बायको झोहरा होती, तिच्या आठवणीनं मलाही बसवेना.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात माझ्या टेबलाशी उभा. "रजेचा अर्ज लिवा."

"कारण काय घालू?"

"घाला, कॅसेट पोचवायची हाय."

मी तेच लिहिलं.