बारक्या फायली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

माझे सासरे, मामंजी, निवृत्तीनंतर बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी कॉम्प्युटरसमोर पेटी घेऊन बसायचे, अभंग गायचे आणि रेकॉर्ड करून ठेवायचे. एक दिवस डिस्क भरली. त्यांनी सगळ्या फायलींची बेरीज केली: चाळीस जीबी. डिस्क म्हणे, शंभर वापरले. मग साठ गेले कुठे?

मी सॉफ्टवेअरवाली सून. मला नाही तर कुणाला माहीत असणार? आणि माहीत होतंच — त्यात मीच एक लपवलेला फोल्डर केला होता. कोरियन मालिकांचा! फोनवर घेऊन, "मीटिंग आहे" सांगून, दार लावून बघायचे त्या.

सांगता आलं असतं. पण शेजारीच सासूबाई भाजी निवडत होत्या — आणि मीटिंगमध्ये मला चहा त्याच आणून द्यायच्या हो!

मग मी ज्ञान पाजळलं. "मामंजी, फाईल केवढीशी का असेना, डिस्क तिला अख्खी खोली देते. लॉजमध्ये एकटा माणूस उतरला तरी खोली अडतेच ना, तसं." खोटं होतं का? नव्हतं. पण अशी वाया जाते ती जागा चिमूटभर. साठ जीबी नव्हे.

"हौ! म्हणजे बारक्या फायलीच बदमाश," म्हणत मामंजींनी दुपारभर बसून त्या सगळ्या पुसल्या. संध्याकाळी ते फिरायला गेल्यावर मी हळूच दोन बघून झालेल्या मालिका काढल्या. आकडा उतरला! सुनेनं दुखणं कसं नेमकं पकडलं, हे ते गल्लीभर सांगत सुटले. मी पुन्हा नव्या मालिका भरल्या.

त्या बारक्या फायली कसल्या होत्या? अर्ध्यात तुटलेल्या अभंगांच्या. सूर लागला की स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडायच्या — "अहो, दूध बघा, उतू चाललंय!" — की रेकॉर्डिंग बंद.

पुढे सासूबाई गेल्या. एके दिवशी मामंजी म्हणाले, "कशात तरी असेल की तिचा आवाज." आम्ही लांब फायली ऐकल्या. सगळ्या स्वच्छ. मग त्यांना आठवलं — ती ओरडली की आपण थांबायचो.

पुसलेलं परत आणायची खटपट मी केली. काही आलं नाही. त्या जागेवर माझ्याच नव्या मालिका बसल्या होत्या.

"नक्को मनाला लावून घेऊ, बेटा," मामंजी म्हणाले. "तू सांगितलंस ते बरोबरच होतं."

मी मान डोलावली.