तरंगत्या शहराचं गावठाण

आकाशात माणसानं सोडलेला चंद्र फिरू लागला, त्याच सुमारास मी मुळशीच्या धरणकाठच्या एका गावात शाळेवर बाई म्हणून रुजू झाले. वय एकवीस, वाढले पुण्यात आणि डोक्यात भरपूर हवा. धरणाच्या पाण्यावर मुंबईत दिवे लागत आणि आमच्या गावात रॉकेलची चिमणी. त्या चिमणीशेजारी बसून मी तीनशे वर्षांनंतरचं जग लिहीत असे.

पुण्यातल्या एका मासिकानं दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा मागवल्या होत्या. माझी कथा होती पाण्यावर तरंगणाऱ्या शहराची. परातीसारखं गोल शहर, मधोमध अणुभट्टी, उडती वाहनं, जेवणाऐवजी गोळी. म्हातारी माणसं मी शहरात ठेवलीच नव्हती, कारण एकविसाव्या वर्षी ती कोणाला लागतात? अडचण एकच होती. शहर डोळ्यांपुढे नीट उभं राहीना. म्हणून एका रविवारी मी शाळेच्या अंगणात चुन्याच्या फक्कीनं त्याचा नकाशा आखला. गोल, गल्ल्या, मध्ये चौक आणि भोवती पाणी.

हीच माझी चूक झाली. ज्या गावाला एकदा पाण्यानं उठवलंय, तिथं कोणी अंगणात पांढऱ्या रेघा मारू नयेत. घटकाभरात निम्मं गाव कुंपणाशी जमलं.

"बाई, पुन्यांदा मोजणी हाय व्हय? आता कुटं हलवत्यात आमाला?" म्हातारे पाटील काठी टेकत पुढे आले.

मी हसून सांगितलं, की ही गोष्ट आहे, गंमत आहे, असं शहर कुठंच नाही. पाटलांनी रेघांकडे बघून मान हलवली.

"गमतीत का व्हईना, पर जागा आधी धरल्याली बरी. मागल्या खेपंला आमी गाफील राहिलो."

मग त्यांनी एक दगड उचलला आणि चौकाजवळ ठेवला. त्यांच्यामागून दुसऱ्यानं ठेवला, तिसऱ्यानं ठेवला. माझ्या अणुभट्टीच्या जागी देऊळ आलं. बुडालेल्या गावात जो ज्याचा शेजारी होता, तोच इथंही शेजारी. मी विरोध केला, पण माझ्या विरोधाला विचारतो कोण! उलट माझीच तोंडी परीक्षा सुरू झाली.

"वारा सुटला की ही परात फिरंल. मग देवाचं तोंड उगवतीला कसं ऱ्हाणार?"

"शेण कुटं टाकायचं?"

"म्हशीला गोळी पुरती का?"

"आन् मसनवट? तुमच्या शहरात मानसं मरत न्हाईत व्हय?"

वर्गात पाढा चुकलेली पोरं ज्या चेहऱ्यानं माझ्यापुढे उभी राहत, त्याच चेहऱ्यानं मी स्वतः उभी होते. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. शहर जुन्या गावाच्या बरोबर डोक्यावर आणायचं आणि चार बाजूंनी साखळदंडानं जुन्या वेशीतल्या शिळांना बांधायचं. म्हणजे फिरणं बंद, आणि शीव जिथल्या तिथं. मी मनातल्या मनात चरफडले आणि हळूच वहीत टिपून घेतलं.

सगळ्यांत शेवटी मावशी आली. शाळा झाडायची आणि मला नाचणीची भाकरी करून द्यायची ती ही मावशी. पन्नाशी उलटलेली, एकटी, जिभेला धार अशी की मीसुद्धा तिच्यापुढे जपून बोलत असे. तिनं खराटा भिंतीला टेकवला, एक गोटा उचलला आणि सगळ्यांसमोर थेट देवळाला लागून ठेवला.

"हे माझं घर. पुढं पडवी आन् दारात आंबा."

बांधाच्या टीचभर जागेसाठी कोर्टाची पायरी चढणारं हे गाव, पण कोणी ब्र काढला नाही. देवळाजवळचा दगड पाटलांचा होता. त्यांनी काठीच्या टोकानं तो हातभर बाजूला सरकवला आणि ते खोकले. मग सगळे उठले. उन्हं कलली म्हणून असेल, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून मावशीनं माझ्यामागे टुमणं लावलं. भाकरी थापताना विचारायची, "माझं घर लिवलं का? वाचून दाव." मी वाचायचे. "पडवी ऱ्हायली," ती म्हणायची. मग पडवी लिहिली. "ह्ये छापल्यावर पुसत न्हाई ना?" मी म्हटलं, "छापलेलं कसं पुसेल?" त्या दिवशी मला भाकरीवर तुपाचा गोळा मिळाला. अशा रीतीनं माझ्या विज्ञानकथेत एक म्हातारी बाई तुपाच्या जोरावर शिरली. गोळ्या मी केव्हाच काढून टाकल्या होत्या. आता शहरभर आंबेमोहराच्या भाताचा वास सुटला होता.

वैशाखात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या देवळाचा कळस आणि सभामंडप उघडा पडे. वर्षातून एकदा गाव चिखल तुडवत तिथं नारळ फोडायला जाई. मीही पदर खोचून निघाले. नारळ फुटला, आणि मग माणसं पांगली. जो तो आपापल्या जोत्यावर जाऊन उभा राहिला. कोणी उंबऱ्याचा दगड हातानं पुसला, कोणी पोराला "हितं चूल व्हती" म्हणून दाखवलं.

मी मावशीचं घर शोधत देवळाच्या शेजारी गेले. तिथं घडीव दगडांचं भलंमोठं जोतं होतं आणि त्यावर पाटील बसले होते.

"हे मावशीचं ना?"

"आमचं," पाटील म्हणाले. त्यांनी काठी उचलून ओढ्यापलीकडे दाखवली. "तिचं तितं व्हतं."

तिकडे नुसता चिखल होता. एक दगड नाही, की खांबाचं भोक नाही.

"कारवीच्या कुडाचं खोपाट त्ये. पान्यातनं काय वर येनार? आमाला दरसाली आमचं जोतं तरी दिसतं, बाई. तिला काय दिसतं?"

मला ते अंगण आठवलं. काठीच्या टोकानं सरकलेला दगड आठवला. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि नव्हतं ते एकट्या शहाण्या बाईंना. मला माझीच शरम वाटली.

मावशी ओढ्याच्या अलीकडे पाय धूत उभी होती. पलीकडे ती गेलीच नव्हती. परत येताना माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना.

"मावशी, देवळाशेजारचं तुमचं घर बरंच मोठं होतं म्हणायचं."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मला कळलंय हे तिला कळलं. मग ती खो खो हसली.

"तरंगायचंच हाय, तर मोटं तरंगू दे की! खोपाट कशापायी तरंगवायचं?"

दुसऱ्या दिवशी कथा पौडाला जाऊन पोस्टात टाकायची होती. एस.टी.ची वाट बघत फाट्यावर बसले असताना मी पाकीट पुन्हा उघडलं, आणि मावशीच्या घरावर एक माडी चढवली. पाटलांच्या घराला नव्हती.