सगुणाबाईंचा हुबेहूब आवाज

चाकणजवळच्या आपल्या गावात गेनूला सगळे स्पीकरवाला म्हणत, पोटापाण्याला मात्र तो कंपनीत प्रेस चालवायचा. दिवसभर पत्र्यावर दणादण घाव, पण हा गडी कंपनीने दिलेले इअरप्लग कधी घालायचा नाही. पत्र्याला आकार देणारी डाय बिघडायला लागली की आधी प्रेसचा आवाज बदलतो, आणि तो ज्याला कळतो तोच खरा ऑपरेटर, असं त्याचं म्हणणं. कानांचा त्याला भारी गर्व.

सुट्टीच्या दिवशी तो प्लायवूडची खोकी ठोकून घरगुती स्पीकर बनवायचा. गिऱ्हाईक म्हणे, "गेनूभाऊ, जरा गोड वाजू द्या."

"गोड पायजे तर जिलबी खा. आवाज जसा हाय तसाच आला पायजे."

अलीकडे गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली होती. स्पीकर कानाला टोचतो म्हणत. लोकांना खरं सोसत नाही, असं म्हणून गेनू मोकळा व्हायचा.

त्याची आई सगुणाबाई गेली आणि फोनमध्ये तिच्या हळदीच्या गाण्याचं एवढं एकच रेकॉर्डिंग उरलं. वर्षश्राद्धाला आई घरातच गातेय असं वाटलं पाहिजे, या ध्यासाने गेनूने स्पीकरची नवी जोडी बांधली. ट्रेबल, म्हणजे आवाजाची बारीक धार, थोडं थोडं वाढवत त्याने आईचा आवाज अगदी हुबेहूब जुळवला.

पंगत उठली, पाहुणे टेकले आणि त्याने गाणं लावलं. पोरांनी कानांवर हात ठेवले. सगुणाबाईंची सख्खी बहीण तानुबाई म्हणाल्या, "ही कोण रं? आमची सगुणा अशी किंचाळत नव्हती."

"मावशी, तुझं कान म्हातारं झालं," गेनू तडकला.

त्याची लेक तेजल उठली आणि ट्रेबल खाली आणत गेली. एका जागी तानुबाईंनी तिचा हात धरला. "हीच," एवढंच म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग सगळं घर रडलं.

गेनूला मात्र आई तोंडावर गोधडी घेऊन गातेय असं ऐकू येत होतं. निम्मे शब्द कळेनात. प्रेसने कान कधीच खाल्ले होते आणि तो त्याच कानांनी जगाला खरं-खोटं शिकवत होता. आई सगळ्यांना परत मिळाली होती. त्याला ती आता कुठल्याही स्पीकरमधून मिळणार नव्हती.

"पप्पा, आता बरोबर वाटतंय ना?" तेजलने विचारलं.

"व्हय," गेनू म्हणाला. "अशीच होती ती."