उकिरड्यात ओतलेल्या गोळ्या

बायको गेली तेव्हा लोक म्हणाले, तिचं नशीब. नशीब हा शब्द मला ऐकवत नाही.

तिच्या रक्तात कावीळ ब निघाली होती, जुनी, लिव्हरला लागलेली. बीदरच्या दवाखान्यात एका नव्या गोळीचा अभ्यास चालला होता, त्यात तिला घेतलं. रोज एक गोळी. दोन महिन्यांनी रक्त द्यायचं, बाटली परत न्यायची. डॉक्टरीणबाई उरलेल्या गोळ्या मोजून कागदावर लिहायच्या. वर्षभर ती चांगली होती, खुरपायला जायची.

मग मी शहाणपणा केला. आमच्या भागात कावीळ म्हटलं की माणूस आधी कावीळ उतरवणाऱ्याकडं जातो. औरादच्या अलीकडं एक बसतो. त्यानं तिचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले. परातीतलं पाणी पिवळंजर्द झालं.

"बघा, निघायलीय," तो म्हणाला. पथ्य सांगितलं : तेल बंद, हळद बंद, इंग्रजी गोळी बंद.

आधी हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळला की चुन्याचं पाणी पिवळं होतं, हे मला नंतर कळलं. त्या भामट्यानं माझे हात धुतले असते तरी तेच पाणी निघालं असतं.

"अवो, डॉक्टरीणबाई म्हनल्या, एकबी दिस चुकवू नका," ती म्हणाली.

"डॉक्टरीण तुझी मावशी लागती काय? पथ्य मोडलं की उलटतंय."

बीदरला जायच्या सकाळी बाटली भरलेलीच होती. मी सगळ्या गोळ्या उकिरड्यात ओतल्या. कोंबड्या टिपायला धावल्या, तर त्यांना काही होऊ नये म्हणून हाकलल्या. कोंबड्यांची काळजी होती मला.

डॉक्टरीणबाईंनी रिकामी बाटली बघितली. "अप्पा, रोज घेतात ना?"

"व्हय."

बायको शेजारी पदराचं टोक पिळत बसली.

रक्ताचा रिपोर्ट आला. विषाणू वाढला होता. बाईंनी फोन करून परत विचारलं, मी परत व्हय म्हणालो. पुढं तिचे डोळे पिवळे झाले. तो परातवाला म्हणाला, "बाहेर पडायलीय, भिऊ नका." पोट पाण्यानं फुगलं, रक्ताची उलटी झाली, तेव्हा कुठं तिला बीदरला नेलं.

"अक्का, आमची गोळी तुम्हाला लागू पडली नाही," बाई खाटेजवळ बसून म्हणाल्या.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी गेली.

महिन्यानं शेवटच्या कागदांसाठी मला बोलावलं. बाई म्हणाल्या, गोळी घेऊनही विषाणू वाढला असं दिसतंय, आता बाकीच्यांची गोळीही बदलावी का, बघावं लागेल. बाहेर बाकावर एक बाई मांडीवर तसलीच बाटली घेऊन बसली होती.

"बदलू नका. पथ्य धरल्यापासनं तिनं खाल्लीच न्हाई," मी म्हणालो, आणि उकिरड्यापर्यंत सगळं सांगितलं. "ते खोटं खोडा आधी."

"खोडता येत नाही, अप्पा. वरून एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं."

त्यांनी 'रोज घेतली' यावर रेघ मारली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अक्कांनी का सांगितलं नाही?"

"मी सांगू दिलं न्हाई. तेबी लिहा."

त्यांनी लिहिलं. त्याच्याखाली मी सही केली.